शेवट मंजूर नाही

सिनेमाचा शेवट दिग्दर्शक ठरवतो, पण तो मंजूर करायचा की नाही हे प्रेक्षक ठरवतो. हा अधिकार त्याला कोणत्या कायद्याने मिळाला हे सांगता येत नाही. तिकिटाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेल्या नियमांतही त्याचा उल्लेख सापडत नाही. तरी पिटातल्या पहिल्या बाकापासून बाल्कनीतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीपर्यंत तो सारख्याच कडकपणे बजावला जातो. त्यासाठी लागणारी साधने मोजकी आहेत: पायांतल्या चपला, खिशातली सुटी नाणी, शिट्टीपुरती दोन बोटे, एक हातरुमाल आणि परतीच्या एसटीत शेजारी बसलेला अनोळखी गृहस्थ.

भारतीय प्रेक्षकाची पहिली परीक्षा ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाली. ल्युमिएर बंधूंच्या माणसाने एक रुपया तिकीट लावून हलती चित्रे दाखवली, त्यांत स्टेशनात शिरणाऱ्या आगगाडीचेही एक चित्र होते. पॅरिसमध्ये ही गाडी अंगावर येताना पाहून लोक खुर्च्या सोडून पळाले, अशी आख्यायिका आहे. सिनेमाचे इतिहासकार ती फारशी मानत नाहीत. मुंबईबद्दल तर अशी आख्यायिकाही कोणी रचली नाही, आणि त्याचे कारण उघड आहे. बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू होऊन तेव्हा ४३ वर्षे झाली होती. गाडी फलाटात शिरताना मुंबईचा माणूस मागे पळत नाही, पुढे पळतो.

गाडीला न डगमगलेला प्रेक्षक देवापुढे मात्र लगेच वाकला. दादासाहेब फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम पडद्यावर आला की लोक पायांतल्या वहाणा काढत आणि हात जोडत. राम होते अण्णा साळुंके. सीताही अण्णा साळुंकेच होते. चार वर्षांपूर्वी ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये ते तारामती झाले होते आणि त्याही आधी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात नोकरीला होते. अशोकवनातल्या शोकाकुल सीतेचे दंड चांगलेच कमावलेले दिसतात हे पिटातल्या कोणाच्या नजरेतून सुटले असेल असे वाटत नाही. पण ज्याने वहाणा काढून ठेवल्या आहेत तो असल्या तपशिलात शिरत नाही. मद्रासेत या चित्रपटाच्या गल्ल्याची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, असेही सांगतात.

या भक्तिमार्गाचे शिखर म्हणजे प्रभातचा ‘संत तुकाराम’. दामले-फत्तेलाल यांचा हा बोलपट डिसेंबर १९३६ मध्ये मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला आणि ५७ आठवडे हलला नाही. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याची खास दखल घेतली गेली. तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस त्याआधी संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिकांसाठी प्रसिद्ध होते, त्यामुळे त्यांच्या निवडीवर सुरुवातीला नाके मुरडली गेली होती. चित्रपट लागल्यावर लोक त्यांच्या पाया पडू लागले. नटाला संत समजण्यात प्रेक्षकाचा फायदाच असतो. खरा संत भेटायला दहा जन्म लागतात आणि पागनीस पुण्यात राहत होते.

त्या चित्रपटाच्या शेवटी गरुडविमान येते आणि तुकोबा वैकुंठाला निघतात. हे दृश्य पाहताना सभागृहाचे दोन तट पडतात. एका तटाचे हात जोडलेले असतात. दुसरा तट मागे राहिलेल्या जिजाईकडे बघत असतो, कारण पोरे तिच्या पदरात आहेत, दाणे संपलेले आहेत आणि विमानात बसून गेलेल्या माणसाने यातल्या कशाचीच व्यवस्था लावलेली नाही. ही जिजाई साकारणारी गौरी प्रभातमध्ये सुरुवातीला हलक्यासलक्या कामांसाठी आली होती. तिने जिजाईच्या तोंडी जो सडेतोडपणा आणला त्यामुळे हा दुसरा तट गेली नव्वद वर्षे वाढतच चालला आहे. भक्तिपटात बायकोची बाजू इतकी भक्कम असणे धोक्याचे असते. हा धोका पत्करूनही देव जिंकतो, हे त्या दोन दिग्दर्शकांचे कसब.

पुढे १९७५ मध्ये ‘जय संतोषी माँ’ने चपलांचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. बायका आरतीची ताटे घेऊन येत, पडद्यावर फुले आणि नाणी पडत, प्रसाद वाटला जाई. देवी झालेल्या अनिता गुहांना बाहेर कुठे जायची सोय राहिली नाही. दिसतील तिथे लोक पायांवर डोके ठेवत. डोअरकीपरांच्या दृष्टीने हा काळ सुखाचा असावा. देवळाबाहेर चपला सांभाळायला माणूस लागतो, थिएटरात त्या ज्याच्या त्याच्या खुर्चीखाली असतात.

भक्तीनंतर अश्रूंचा क्रमांक लागतो. मराठीत सामुदायिक रडण्याची रीतसर सुरुवात आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ने (१९५३) केली. साने गुरुजींचे पुस्तक आधीच घरोघरी रडून झालेले होते, म्हणजे आई शेवटी जाते हे सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. इतर देशांत शेवट आधी सांगणाऱ्यावर लोक चिडतात. इथे शेवट ठाऊक होता म्हणूनच लोक रुमाल घेऊन आले. या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले आणि शाळांनी मुलांना रांगेने तो दाखवायला नेले. मुलांची अडचण दुहेरी असे. श्यामच्या आईसाठी रडायचे आणि शिवाय, आपण आपल्या आईशी सकाळी कसे वागलो ते आठवून वेगळे रडायचे. घरच्या आया पडद्याकडे कमी आणि शेजारच्या खुर्चीतल्या चिरंजिवांकडे जास्त बघत. चिरंजीव रडले की तिकिटाचे पैसे वसूल.

१९९१ च्या ‘माहेरची साडी’ने हे काम घाऊक प्रमाणावर केले. विजय कोंडके यांचा हा चित्रपट मुळात एका राजस्थानी चित्रपटावरून घेतलेला. पण अलका कुबल यांच्या लक्ष्मीने जो छळ सोसला तो पाहून राजस्थानची आठवण कोणाला आली नाही. गावोगावच्या बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून तालुक्याच्या थिएटरात आल्या. या प्रेक्षकवर्गाचे एक वैशिष्ट्य अभ्यासण्याजोगे आहे: त्यांत सासवाही होत्या, त्याही रडल्या, आणि एकीनेही पडद्यावरची सासू स्वतःशी ताडून पाहिल्याची नोंद नाही. नवरे मंडळी या चित्रपटाला बायकोला सोडायला म्हणून आली, आत बसली, आणि डोळ्यांत काहीतरी गेल्याची तक्रार करत बाहेर पडली.

अश्रूंची दुसरी बाजू शिव्यांची. खलनायकाला मिळालेली शिवी ही त्याच्या कामाची पावती, असे नट मुलाखतींत सांगतात. पण ती पावती रस्त्यात, भर बाजारात मिळते तेव्हा कठीण होते. निळू फुले राष्ट्र सेवा दलात घडलेले, समाजकार्यात वेळ देणारे गृहस्थ. पडद्यावरच्या पाटलांनी आणि साखरसम्राटांनी मात्र त्यांची अशी कीर्ती केली की बायका त्यांना पाहून वाट बदलत. ललिता पवारांच्या बाबतीत तर एका पिढीने ‘सासू’ या नात्याची कल्पनाच त्यांच्या चेहऱ्यावरून बेतली. त्यांच्या डोळ्याला झालेली इजा १९४२ मध्ये चित्रीकरणात बसलेल्या खऱ्या थपडेची होती, ही गोष्ट पुष्कळांना फार उशिरा कळली. तोवर सहानुभूती दाखवायची वेळ निघून गेली होती.

इथवर प्रेक्षक शेवट सोसतो. खरा पेच येतो तो शेवट पटत नाही तेव्हा. मराठी प्रेक्षकाचे कान श्रावणातल्या कहाण्यांवर तयार झालेले असतात. तिथे राणी उतली, मातली, वसा टाकला, तरी कहाणी शेवटी सुफळ संपूर्ण होतेच. कीर्तनातही बुवा कितीही आडरानात शिरले तरी आरतीपर्यंत मूळपदावर येतात. अशा श्रोत्याला व्ही. शांताराम यांनी १९७२ मध्ये ‘पिंजरा’ दाखवला.

‘पिंजरा’तल्या आदर्श मास्तरांना चंद्रकला या तमासगिरिणीचा मोह पडतो. दुसऱ्याच एका माणसाचे प्रेत मास्तरांचे म्हणून ओळखले जाते, गाव मेलेल्या मास्तरांची पूजा करू लागते आणि जिवंत मास्तर फडाबरोबर हलकी कामे करत हिंडतात. शेवटी मास्तरांच्या खुनाच्या आरोपाखाली मास्तरांनाच पकडतात. गावाच्या मनातला आदर्श भंगू नये म्हणून ते आपली ओळख सांगत नाहीत आणि शिक्षा पत्करतात. डॉ. श्रीराम लागूंचा चेहरा या वेळी जे काही करतो त्यापुढे थिएटर गप्प होते. मग दिवे लागतात आणि गप्प बसलेल्या प्रत्येकाचा वकील होतो. खुनाचा पुरावा कुठे आहे? मेलेला जिवंत असेल तर खून झालाच कसा? मास्तरांचे अक्षर, शाळेच्या हजेरीपटावरची सही, बोटांचे ठसे, यांतले न्यायालयापुढे काहीच कसे आले नाही? चंद्रकलेला सगळे ठाऊक असून ते न्यायालयापर्यंत का पोचत नाही? हा खटला परतीच्या एसटीत उभा राहतो आणि फाट्यापर्यंत बहुतेक वेळा मास्तर निर्दोष सुटतात. शांतारामबापूंनी दिलेली फाशी अशा रीतीने महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात किती वेळा रद्द झाली असेल याची गणती नाही.

जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’मध्ये (१९८२) फाशी नाही, खून नाही. स्मिता पाटील यांची सुलभा शेवटी पुन्हा घर सोडते, इतकेच. पण खुनाला माफ करणारे प्रेक्षकही इथे अडून बसले. सुलभाचे चुकले की बरोबर या प्रश्नावर किती घरांत त्या रात्री स्वयंपाकाला उशीर झाला असेल! वादाची रीत ठरलेली होती. पुरुष म्हणत, मुलीचे काय? बायका म्हणत, नवऱ्याचे काय? घरातल्या आजी म्हणत, दोघांनाही जेवायला वाढायचे आहे, त्याचे काय?

हिंदीतला सर्वांत गाजलेला शेवट मात्र प्रेक्षकाने पाहण्याआधीच सेन्सॉरने नामंजूर केला. १५ ऑगस्ट १९७५ रोजी ‘शोले’ लागला तेव्हा आणीबाणी होती. ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला ठार करतो हा मूळ शेवट. निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेणे बरे दिसत नाही म्हणून तो बदलून पोलीस आणावे लागले. ठाकूरला हात नव्हते, त्यामुळे कायदा पायांत घेतला असे म्हणणे जास्त अचूक ठरले असते, पण आणीबाणीत असे युक्तिवाद चालत नसत. पोलीस सगळे संपल्यावर येतात, हे दृश्य पिटाने खळखळून हसत स्वीकारले. त्या एका ठिकाणी सेन्सॉरने सिनेमा वास्तवाच्या जवळ नेला होता.

पहिल्या काही दिवसांत मुंबईत लोक ‘शोले’ गप्प बसून पाहत होते. टाळी नाही, शिट्टी नाही. धंद्यातल्या जाणकारांनी चित्रपट पडला असे जाहीर केले, आणि जय मरतो तो भाग बदलून त्याला जिवंत ठेवावा असा विचार सुरू झाला. सुदैवाने दोन-चार दिवस थांबायचे ठरले. मिनर्व्हात हा चित्रपट पुढे पाच वर्षांहून अधिक चालला, पॉलिडोरने त्याच्या संवादांची तबकडी काढली आणि पिटातला प्रेक्षक नटाच्या आधी संवाद म्हणू लागला. विजू खोटे मराठी रंगभूमीवरचे कसलेले नट, पण लोकांनी त्यांना आयुष्यभर कालिया म्हणूनच हाक मारली. मूळ शेवटाची नवी प्रत २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. पन्नास वर्षे पोलिसांची सवय झालेल्यांना गब्बर मेल्यावर कायदा-सुव्यवस्थेची काळजी वाटू लागली.

गब्बर झालेले अमजद खान दोनच वर्षांनी लखनौच्या गादीवर बसले. सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’मध्ये (१९७७) ते नवाब वाजिद अली शाह आहेत: ठुमरीत रमणारे, हळवे, मुकुट काढून ठेवणारे. खैनी मळणारा हात आता तालावर हलताना पाहून प्रेक्षकाला सावरायला वेळ लागतो. कोणाची मान उडणार या अपेक्षेने आलेल्यांची तर मोठीच निराशा होते, कारण चित्रपटात राज्य जाते, पण रक्त सांडत नाही.

लखनौच्या दक्षिणेला, कानपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, विमानतळाच्या बाजूला सरोजिनी नगर आहे. १८५६ च्या सुरुवातीला कंपनी सरकारची फौज वाजिद अलीचे अवध खालसा करायला आली ती याच दिशेने, कानपूरहून. सरोजिनी नगरची पुढची ख्याती मात्र फौजेची नव्हे, वाहनांची. तिथल्या स्कूटर्स इंडियाच्या कारखान्यातून निघालेल्या ‘विक्रम’ या तीनचाकीने पुढे अर्ध्या लखनौची ने-आण केली. चित्रपटाच्या शेवटावर चर्चा करायला विक्रमसारखी दुसरी जागा नाही. सगळ्यांचे गुडघे एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे मतभेद झाला तरी उठून जाता येत नाही, आणि इंजिनाच्या आवाजावर मात करायची तर मत ठामच असावे लागते.

‘शतरंज’चा शेवट अशा चर्चेला भरपूर खाद्य देतो. प्रेमचंदांच्या १९२४ च्या कथेत मीर आणि मिर्झा हे बुद्धिबळवेडे सरदार राज्यासाठी तलवार काढत नाहीत, पण बुद्धिबळातल्या राजासाठी काढतात आणि एकमेकांना मारून मरतात. कथा वाचून आलेला प्रेक्षक म्हणून शेवटची दहा मिनिटे तलवारींची वाट बघत बसतो. रायांच्या चित्रपटात गोळी सुटते, पण निसटती लागून जाते. फौज वाजतगाजत शहरात शिरते आणि हे दोघे पुन्हा डाव मांडतात, तोही नव्या इंग्रजी पद्धतीचा. ही पद्धत त्यांना शिकवणारे मुन्शी नंदलाल म्हणजे डेव्हिड. त्यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चौलच्या नावाचा बेने इस्राइली माणूस लखनवी सरदारांना साहेबी बुद्धिबळ समजावतो, आणि मराठी प्रेक्षकाला ते तिघेही परके वाटत नाहीत. वाचकपक्षाच्या मते मीर-मिर्झा मरायला हवे होते. विरुद्ध पक्षाच्या मते राज्य घालवून वर खेळत बसणे ही मरणापेक्षा मोठी शिक्षा आहे. वाजिद अलीला दुबळा दाखवला अशीही टीका झाली. ती राजबंस खन्ना यांनी ‘इलस्ट्रेटेड वीकली’त केली आणि राय यांनी तिथेच सविस्तर उत्तर दिले. एका नवाबासाठी इतकी शाई त्याच्या कारकिर्दीत लखनौच्या दरबारानेही खर्च केली नसेल.

याच चित्रपटात एक छोटे चलत्‌चित्र आहे. लॉर्ड डलहौसी एकेक संस्थान चेरीसारखे तोंडात टाकतो. पंजाब जातो, ब्रह्मदेश जातो, मग नागपूर आणि सातारा जातात. आपल्या गावाचे नाव पडद्यावर ऐकले की टाळी वाजवायची, ही मराठी प्रेक्षकाची जुनी सवय आहे. सातारकराचा हात इथेही वर जातो, आणि सातारा गिळला जात आहे हे लक्षात येईपर्यंत टाळी वाजून गेलेली असते.

शेवटाबद्दल काहीच मत नसलेला एक वर्ग उरतो: शेवट न पाहणाऱ्यांचा. सायकल स्टँडवर गर्दी होण्याआधी सायकल काढायची, शेवटची लोकल गाठायची, मुक्कामी एसटीत जागा धरायची, अशा कारणांनी ही माणसे नायक-खलनायकाची झटापट चालू असतानाच रांगेतल्या सगळ्यांच्या पायांवर पाय देत बाहेर पडतात. चीनच्या युद्धानंतर सिनेमा संपल्यावर राष्ट्रगीत वाजवायची प्रथा पडली, तेव्हा या वर्गाची पंचाईत झाली. सावधान उभे राहावे तर गाडी चुकते. लोक गीताआधीच निघू लागले आणि ती प्रथा मागे पडली. महाराष्ट्रात २००३ पासून राष्ट्रगीत सिनेमाच्या आधी आले. त्याने गीताची सोय झाली, शेवटाची झाली नाही. अशा माणसांच्या आठवणीतले सगळे चित्रपट अर्धवट असतात आणि त्यांना त्याची खंत नसते. जयचे काय झाले हे त्यांना सोमवारी कचेरीत कळते.

या वर्गालाही खुर्चीत खिळवून ठेवण्याचे काम नागराज मंजुळे यांनी दोनदा केले. ‘फँड्री’च्या शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट प्रेक्षकाच्या दिशेने, आणि पडदा काळा होतो. १८९६ मध्ये आगगाडीला न हललेली मान इथे किंचित बाजूला होते. ‘सैराट’च्या (२०१६) वेळी लोक पूर्वार्धात खुर्च्या सोडून रांगांमधल्या वाटेवर नाचले, पडद्यावर नाणी उधळली, आणि शेवटी तेच लोक दिवे लागले तरी जागचे उठले नाहीत. सायकल स्टँडवाल्यांना त्या दिवसांत बरे वाटले असेल, सगळे एकदम आले.

याउलट काही चित्रपटांना शेवट असतो हेच प्रेक्षकाने मान्य केलेले नाही. ‘शोले’त गब्बरच्या हाती सापडणारा अहमद, म्हणजे सचिन, याने १९८८ मध्ये दिग्दर्शित केलेला ‘अशी ही बनवाबनवी’ हा त्याचा उत्तम नमुना. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’मधली, पण मराठी घरांत ती कुळाचार असल्यासारखी पाळली जाते. धनंजय माने इथेच राहतात का याची चौकशी कशी होते, पार्वतीची ओळख कोणत्या लिंगात करून दिली जाते, इस्राइलच्या औषधाचे काय होते, हे शाळकरी पोरेही सांगतात. पण चित्रपट नेमका संपतो कसा, असे विचारले तर जाणकारही अडखळतात. सोंग उघडे पडते आणि जोड्या जमतात, एवढे अंदाजाने सांगतात. दूरचित्रवाणी वाहिन्या तो रविवारी दुपारी लावतात. जेवणे झालेली असतात, लिंबू कलरच्या साडीचा प्रसंग येऊन गेला की घरातले वडीलधारे तिथेच आडवे होतात, आणि जाग येते तेव्हा पुढचा कार्यक्रम सुरू झालेला असतो.